बाजेवरून मोजा

वरून पत्र आलं:
सौर संच कार्यान्वित असल्याची खात्री करून
मालमत्ता करात सूट द्यावी.
खात्री म्हणजे मी.
कर निरीक्षक, पाच मीटरचा टेप,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.

मे महिन्यात दुपारी तीनला गोळीबार चौकात
सावलीसुद्धा भिंतीला चिकटून उभी असते.
मंजुळा धकाते यांचं घर. खाली माग होता, आता झेरॉक्स.
लोखंडी जिना, हात लावला की सोडावा लागतो.
वर आठ पट्ट्या, आकाशापेक्षा निळ्या,
कारण आकाश उन्हानं पांढरं झालेलं.
आणि उंच. फारच उंच.

नियम असा, की सांगाडा आठ फुटांच्या आत असेल तर तो संच.
वर गेला तर बांधकाम.
संचाला सूट, बांधकामाला कर.

"इतकी उंची काहून घेतली?"
"खाली झोपतो ना जी आम्ही.
रात्री लाइन गेली की घर म्हणजे भट्टी.
पाच माणसं, तीन बाजा.
कंपनीचा पोरगा म्हणे दीड फुटावर बसवू.
मी म्हटलं, बाप्पा, मंग आम्ही काय पट्टीवर झोपू?"

चांदण्या दिसतात का, हे विचारायचं नव्हतं,
नमुन्यात तसा रकाना नाही. तरी विचारलं.
"दिसते ना. दोन पट्ट्यांच्या फटीतून.
पाहायले तेवढ्या पुरते."

सकाळीच मुख्यालयात रोख्यांची बैठक झाली होती.
रोखा म्हणजे कागद, रोखा म्हणजे थांबवा,
मला हा शब्द ऐकला की ट्रॅफिक हवालदार दिसतो.
लेखा विभागाचे हेडाऊ साहेब समजावत होते:
शहर दहा वर्षांसाठी कर्ज काढणार,
पाण्याचे पंप उन्हावर चालवायला.
फेडणार घराघरातल्या करातून.
तो वेगळ्या खात्यात पडेल. आधी व्याज, मग आपण.
"आपण" म्हणजे नाल्या, खांब, कुत्र्यांची नसबंदी, माझा पगार.

म्हणजे उन्हासाठी कर्ज, कर्जासाठी कर,
आणि करात पुन्हा उन्हासाठी सूट.
वहीच्या मागच्या पानावर मी बाण काढत बसलो.
तिसरा बाण पहिल्याला येऊन चावला.
साहेब म्हणाले, मानांकनवाले वसुली बघतात,
सूट द्या, पण हात आखडून.

टेप लावला. आठ फूट चार इंच.

ताई टेपाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
"बाजेवरून मोजा ना जी.
झोपतो तर बाजेवर."

मी हसलो नाही. परिपत्रक काढलं, घडी उलगडून वाचलं.
"जमिनीपासून" नव्हतं. "छतापासून"ही नव्हतं.
"पृष्ठभागापासून" होतं.
कुठल्या तरी एसीत बसून लिहिलं असणार,
त्याला काय माहीत कुणाचा पृष्ठभाग कुठे सुरू होतो.

मी बाजेवर आडवा झालो.
मोजण्यासाठीच, असं ताईंना सांगितलं.
निळ्याची उलटी बाजू पांढरी असते, हे नव्हतं माहीत.
तिथे कोळ्यानं जाळं लावलेलं, विनापरवाना.
सुंभ पाठीला टोचत होता.
फटीतून उन्हाची एक पट्टी येऊन
नेमकी खिशातल्या कांद्यावर पडली होती.
पाच मिनिटं झाली असतील. सात.

उंची: सहा फूट नऊ इंच.
शेरा: पृष्ठभाग, बाज.

हेडाऊ साहेब खोडतील.
खोडलं तर नोटीस घेऊन मीच येणार,
याच जिन्यानं, हात न लावता.

ताईंनी माठातलं पाणी दिलं, वाळ्याचं.
"ते रोखे म्हणता, आपल्याले घेता येते काय जी?"
लाखाला एक, मी म्हटलं.
"बाप्पा," ताई म्हणाल्या,
"शहराले उसने द्यायले बी लाखभर लागते."

उतरताना मीटर पाहिलं.
युनिट बाहेर चालले होते, शहराकडे.
तेवढे मी पेनानं नोंदवले.